कागदावरचं नाव, तोंडावरचं नाव

(विदर्भातल्या सामाजिक संस्थांच्या पदाधिकाऱ्यांपुढे नागपुरात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय, मंचावरची ज्येष्ठ मंडळी, आणि गडचिरोली-यवतमाळहून पहाटेची गाडी धरून इथे वेळेवर पोचलेले तुम्ही सगळे, नमस्कार. मागे कूलरपुढच्या खुर्च्या रिकाम्या दिसताहेत. जे उभे आहेत त्यांनी तिकडे बसून घ्या. थोडं पाणी उडतं अंगावर, पण मे महिन्यातल्या नागपुरात त्याची कोणी तक्रार करत नाही.

पत्रिकेवर विषय छापलाय, 'संस्थेचं नाव आणि ओळख बदलताना'. त्यातले कागद, त्यांचा क्रम, मुदती, सगळं मी सांगणार आहे. पण आधी एक गोष्ट बोलायची आहे. धर्मादाय कार्यालयाच्या व्हरांड्यात फाइल घेऊन बसलेला जो भेटेल त्याला मी ती वर्षानुवर्षं सांगत आलोय. संस्थांची कागदपत्रं सांभाळण्यात माझं आयुष्य गेलं, त्यामुळे ही गोष्ट मला कागदांतूनच दिसली.

नागपूर स्टेशनवर उतरा आणि ऑटोवाल्याला म्हणा, "इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय." तो क्षणभर तुमच्या तोंडाकडे पाहील आणि विचारेल, "म्हणजे मेयो ना?" ज्या लॉर्ड मेयोच्या नावावरून ते नाव पडलं, तो व्हाइसरॉय १८७२ मध्ये अंदमानात मारला गेला. मोमिनपुऱ्यातल्या आजीला तो कोण होता हे माहीत नाही, माहीत असायचं कारणही नाही. तिच्या लेखी मेयो म्हणजे तिची बाळंतपणं झाली ती जागा. आपलं विद्यापीठ २००५ मध्ये राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ झालं. राष्ट्रसंतांची ग्रामगीता घरात असलेली माणसंसुद्धा पोरगं कुठे शिकतं म्हटल्यावर 'नागपूर युनिव्हर्सिटी' म्हणतात. व्हीआरसीई या आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजचं २००२ मध्ये व्हीएनआयटी झालं, पण तिथून शिकून आता निवृत्त झालेला इंजिनिअर अजून स्वतःला व्हीआरसीईचाच म्हणवतो. दूर कशाला, ज्या कायद्याखाली आपण सगळे नोंदलेले आहोत, तो १९५० चा मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा. त्या कायद्याच्याच नावातलं मुंबई जाऊन महाराष्ट्र आलं. तरी आपले वकील आणि आपणसुद्धा 'बीपीटी ॲक्ट'च म्हणतो, बॉम्बे पब्लिक ट्रस्ट्स! हसताय म्हणजे तुम्हीही म्हणता.

यात कुणाचा अनादर नाही. माणूस संकटात जिथे धावतो त्या जागेचं नाव त्याच्या जिभेवर बसतं, आणि ते तिथून सहजासहजी उठत नाही. म्हणून मी संस्थेची दोन नावं वेगळी धरतो. एक कागदावरचं. परिशिष्ट एकवर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या नोंदीच्या उताऱ्यावर, पॅनवर, बँकेच्या पासबुकावर असतं ते. दुसरं तोंडावरचं. एसटीच्या कंडक्टरला 'कुठे उतरायचं' म्हणून लोक सांगतात ते. ही दोन वेगळी असली म्हणून काही बिघडत नाही. वरोऱ्याला बाबा आमट्यांनी १९४९ साली संस्था काढली, तिचं नाव महारोगी सेवा समिती. देणगीच्या पावतीवर हेच नाव असतं, आणि जग तिला आनंदवन म्हणतं. गडचिरोलीत डॉक्टर अभय आणि राणी बंग यांच्या संस्थेचं नाव पाच-सहा इंग्रजी शब्दांचं, त्याची आद्याक्षरं जोडून 'सर्च', आणि धानोऱ्याच्या रस्त्यावरच्या माणसाला विचाराल तर तो शोधग्रामचा रस्ता दाखवेल. इथे आपल्या बर्डीवर कमलाताई होस्पेट यांनी १९२१ मध्ये मातृसेवा संघ सुरू केला. बाळंतिणींसाठी निघालेली संस्था. पुढे तिने मतिमंद मुलांची शाळा चालवली, वृद्धाश्रम काढला, समाजकार्याचं कॉलेज उभं केलं. काम एवढं पसरलं तरी नाव तेच राहिलं, आणि त्या नावावर आजही नागपूरचा माणूस डोळे मिटून विश्वास टाकतो.

आपल्या विदर्भातल्या लहान संस्थांची नावं पाहा. पहिला शब्द देवाचा, आईचा किंवा एखाद्या महापुरुषाचा, आणि मग 'बहुउद्देशीय'. या खोलीत ज्यांच्या संस्थेच्या नावात बहुउद्देशीय आहे त्यांनी हात वर करा. पाहा! निम्म्याहून जास्त. बहुउद्देशीय, मग ग्रामीण, मग महिला, मग शिक्षण, मग कधी क्रीडा. उद्या कुठल्या योजनेला अर्ज करावा लागेल याचा नेम नाही, म्हणून सगळंच नावात घालून ठेवायचं. एका संस्थेचा रबरी शिक्का मी पाहिला, गोल शिक्क्यात नाव मावेना म्हणून शेवटचा शब्द मधोमध आडवा कोरलेला. ही नावं मला वाईट वाटत नाहीत. त्यांच्यामागे गावातल्या चार शिक्षकांनी रात्री बसून लिहिलेली घटना असते. पण ती तोंडावर बसत नाहीत हे खरं, आणि मग कोणीतरी बाहेरून येऊन म्हणतो, हे बदला.

माझी तक्रार इथून सुरू होते. २०१४ मध्ये सीएसआरची, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीची तरतूद लागू झाली आणि मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करणं आलं. त्या पैशाने विदर्भात चांगली कामं झाली, हे आधी सांगतो. पण त्याच्याबरोबर एक रीतही आली. अनुदान द्यायच्या आधी संस्थेला सांगायचं, तुमचं नाव लांब आहे, बॅनरवर बसत नाही, अहवालात चांगलं दिसत नाही, जरा रिब्रँडिंग करून घ्या.

कुही तालुक्यात काम करणारी एक संस्था. तिचं नाव सांगत नाही, ती मंडळी माझ्या ओळखीची आहेत आणि त्यांचं काम मोलाचं आहे. गावोगाव सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी करायची, रुग्णाला कार्ड द्यायचं, दुखणं उठलं की नागपूरच्या मेडिकल हॉस्पिटलला पोचवायचं, त्याला अपंगत्वाचा दाखला मिळवून द्यायचा. सिकलसेल २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आला, पण दाखल्यासाठी चकरा मारायच्या तर माणसाबरोबर माणूस लागतो, ते काम या संस्थेच्या सेविका करत. संस्थेच्या नावात बहुउद्देशीयपासून बालविकासापर्यंत सगळं होतं. गावातल्या बाया तिला काय म्हणत? "सिकलवाल्या ताईचं हापिस." तोंडावरचं नाव हे असं असतं. कोणी ठेवलेलं नसतं, पण गावात सगळ्यांना कळतं.

एका कंपनीने अनुदान देऊ केलं आणि ओळख नव्याने घडवण्यासाठी एक एजन्सी नेमली. वर्धा रोडवरच्या हॉटेलात दिवसभराची कार्यशाळा झाली. विश्वस्त होते, कंपनीचे दोघे होते, आणि कोणाच्या तरी आग्रहावरून दोन सेविकाही होत्या. भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या लावल्या. विचारलं, तुमची संस्था प्राणी असती तर कोणता असती? रंग असती तर कोणता? त्यातली एक सेविका वयाने मोठी, बारा गावं पायाखाली घातलेली. ती बराच वेळ ऐकत होती. मग म्हणाली, "साहेब, आमच्या गावातल्या बायांले इचारलं का कोणी, त्यायले कोणतं नाव पाह्यजे म्हणून?" त्यावर उत्तर मिळालं की गावात नंतर कळवता येईल, आधी नाव पक्कं होऊ द्या.

त्या एजन्सीतल्या मुलांचा मला राग नाही. ती हुशार होती, मेहनती होती, त्यांना ज्यांना विचारायला सांगितलं त्यांना त्यांनी विचारलं. राग आहे तो कोणाला विचारायचं हे ठरवणाऱ्यांवर. ज्या बाईच्या पोराला रात्री दोन वाजता हाडं फुटल्यासारखं दुखतं, तिला त्या यादीत जागा नव्हती.

नाव ठरलं. छोटं, इंग्रजी वळणाचं, उच्चारायला गोड. वर एक पान, हिरवं-केशरी. सेविकांना त्या पानाचे टी-शर्ट दिले, गळ्यात पट्टा, खांद्यावर काळी बॅग. त्या पहिल्यांदा टी-शर्ट घालून गावात गेल्या आणि दारं बंद झाली. मी तुम्हाला खरं सांगतो, दारं बंद झाली. ज्या घरात त्यांना चहा मिळायचा तिथल्या बाया मागच्या दाराने वावरात निघून गेल्या. कारण आपल्या गावांत छापील टी-शर्ट, गळ्यात पट्टा आणि काळी बॅग घेऊन आठवड्याच्या ठरलेल्या वारी कोण येतं? मायक्रोफायनान्सच्या हप्त्याची वसुली करणारा. नावही तसंच, इंग्रजी, दोन अक्षरी. हप्ता थकलेली बाई त्या टी-शर्टला पाहून लपते. तिने तेच केलं. त्या मोठ्या सेविकेने मला फोन केला तेव्हा ती रडत नव्हती, संतापली होती. म्हणाली, "भाऊ, माह्या तोंडाकडं कोणी पाह्यलंच नाही, छातीवरचं पान पाहून पळाल्या."

आणि कागदांचं काय झालं? तेव्हा मला बोलावलं, सगळं छापून झाल्यावर. धर्मादाय कार्यालयाला बदल कळवायचा अर्ज, तो चेंज रिपोर्ट, दाखलच झालेला नव्हता. म्हणजे लेटरहेडवर नवं नाव, फलकावर नवं नाव, आणि परिशिष्ट एक, पॅन, बँक खातं सगळं जुन्या नावाने. धरमपेठेतले एक निवृत्त शिक्षक दरवर्षी पत्नीच्या स्मृतिदिनी या संस्थेला चेक पाठवतात. त्यांना नव्या लेटरहेडवर आभाराचं पत्र गेलेलं. शिस्तीचा माणूस, त्यांनी त्या पत्रावरचं नवं नाव जसंच्या तसं चेकवर लिहिलं. बँकेने चेक परत केला, त्या नावाचं खातं नाही म्हणून. गुरुजी चेक आणि बँकेचा मेमो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माझ्याकडे आले. आवाज खाली करून विचारलं, "संस्था बंद पडली का हो? की कोणी दुसऱ्यांनी घेतली?" त्यांना वाटलं आपण इतकी वर्षं ज्यांना पैसे दिले ते लोक गेले. मी त्यांना जुन्या नावाने चेक लिहायला सांगितला, तर त्यांना तोच घोटाळा वाटला. देणगीदाराला करसवलत देणारं ऐंशीजीचं प्रमाणपत्रही पॅनवरच्या नावानेच निघतं, म्हणजे पुन्हा जुनंच नाव. तीन कागदांवर दोन नावं पाहिल्यावर कोणाला शंका येणार नाही? त्यांचा विश्वास परत बसवायला त्या सेविकेला त्यांच्या घरी घेऊन जावं लागलं. लोगोने ते काम झालं नसतं.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे नाव कधीच बदलू नये असं तुमचं म्हणणं आहे का? नाही. आणि इथे मला जोर देऊन बोलायचं आहे.

कुष्ठरोग्यांसाठी सुरू झालेल्या एका संस्थेची शाळा होती. त्या शाळेतून दहावी झालेला मुलगा बुटीबोरीच्या एमआयडीसीत नोकरीला गेला. शाळा सोडल्याचा दाखला दिला. दाखल्याच्या माथ्यावर संस्थेचं पूर्ण नाव, त्यात तो शब्द. कागद पाहणाऱ्याने तो शब्द वाचला आणि दाखला टेबलावरच ठेवून दिला, पुन्हा हातात घेतला नाही. मुलाला कधीही आजार नव्हता. त्याच्या आजोबांना होता आणि ते औषधाने केव्हाच बरे झालेले. तो माझ्याकडे आला आणि विचारलं, "काका, दाखल्यावरचं नाव बदलता येतं का?" ज्यांनी पन्नास वर्षं रोग्यांच्या जखमा धुतल्या त्यांनी ते नाव ठेवलं होतं, प्रेमाने ठेवलं होतं, आणि त्या काळी तो शब्द उघडपणे लिहायला धैर्य लागत होतं. पण ते नाव आता त्या मुलाच्या खिशात होतं, आणि त्याला टोचत होतं. अशा वेळी बदलायलाच हवं. संस्थापकांचा फोटो भिंतीवर राहू द्या, त्यांनी ठेवलेलं नाव मुलांच्या दाखल्यावरून काढा. संसदेने २०१९ मध्ये कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण कायद्यांतून काढून टाकलं. मग मुलांच्या कागदांवरून तो शब्द आपण का काढू नये?

जगात हे झालेलं आहे. 'मिशन टू लेपर्स' नावाची १८७४ मध्ये सुरू झालेली संस्था, जिचं रुग्णालय आपल्या परतवाड्याजवळ कोठाऱ्याला आहे, तिने १९६५ मध्ये नाव बदलून लेप्रसी मिशन केलं. माणसाला चिकटलेला शब्द काढून रोगाचा ठेवला. इंग्लंडमधल्या, सेरेब्रल पाल्सी असलेल्यांसाठीच्या स्पास्टिक्स सोसायटीने १९९४ मध्ये 'स्कोप' हे नाव घेतलं, कारण तो जुना शब्द शाळेच्या मैदानावर पोरं एकमेकांना शिवीसारखा वापरू लागली होती. तिथे कोणा देणगीदाराच्या बॅनरची अडचण नव्हती. नाव ज्यांच्या अंगावर होतं त्यांना ते जाळत होतं.

आणि दुसरी बाजू पाहा. ऑक्सफर्डमध्ये १९४२ साली दुष्काळग्रस्तांसाठी समिती निघाली, तिचं लांबलचक नाव कोणालाच पेलवेना. तारेच्या पत्त्यासाठी केलेला 'ऑक्सफॅम' हा छोटा शब्द लोकांनी उचलला आणि १९६५ मध्ये तेच अधिकृत नाव झालं. अमेरिकेत पोलिओसाठी १९३८ मध्ये रूझवेल्टने प्रतिष्ठान काढलं. लोक त्याच्या निधी-मोहिमेला 'मार्च ऑफ डाइम्स' म्हणत. १९५५ मध्ये पोलिओची लस आली, संस्थेने १९५८ मध्ये जन्मजात दोषांचं काम हाती घेतलं, आणि पुढे तोंडावरचं तेच नाव कागदावर आलं. आपल्याकडे मुलांसाठी काम करणाऱ्या 'क्राय'ने आद्याक्षरं तशीच ठेवली आणि आतला 'रिलीफ' काढून 'राइट्स' घातला, कारण मदतीकडून हक्काकडे त्यांचं काम सरकलं होतं. तोंडावरचं नाव हललं नाही, अर्थ मात्र बदलला. हे मला फार आवडतं.

तर माझं म्हणणं इतकंच. लोकांच्या तोंडी कोणतं नाव बसलंय ते आधी शोधा आणि कागद त्याच्या मागे न्या. बाहेरून आणलेलं नाव त्यांच्यावर टाकू नका. आणि जे नाव वाहणाऱ्या माणसाला इजा करतं, ते सगळ्यांना कितीही प्रिय असलं तरी बदला. कुहीच्या त्या संस्थेला 'सिकलवाल्या ताई' हे फलकावर लिहिता आलं असतं. कागदावरचं नाव तसंच ठेवून खाली प्रकल्पाचं नाव म्हणून लिहिलं असतं तर एकही अर्ज करावा लागला नसता.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवलीय, दहा मिनिटं. मग कागद भरभर सांगतो, लिहून घ्या.

पहिलं, आपली घटना काढून वाचा. नाव बदलायला सर्वसाधारण सभेत किती बहुमत लागतं, नोटीस किती दिवस आधी द्यायची हे त्यात असतं. नोटिशीत 'नाव बदलणे' हा विषय स्पष्ट लिहा, 'आयत्या वेळचे विषय' यात तो घुसवू नका, पुढे हरकत आली की सगळं अडतं. आपल्या बहुतेक संस्था दोन कायद्यांखाली असतात, १८६० चा संस्था नोंदणी कायदा आणि १९५० चा विश्वस्त कायदा, दोन्हीकडे बदल नोंदवायचा. बदल झाल्यापासून नव्वद दिवसांच्या आत कलम २२ चा चेंज रिपोर्ट. उशीर झाला तर विलंबमाफीचा अर्ज जोडा, रिपोर्ट टाळू नका.

तो मंजूर होऊन परिशिष्ट एकवर नवं नाव चढेपर्यंत एकही पावतीबुक छापायचं नाही. त्यानंतर पॅन. पॅन झाल्यावर बँक. मग आयकराची बारा-ए (संस्थेची करमाफी) आणि ऐंशीजीची नोंद, मग संस्थांच्या नोंदणीचं सरकारी दर्पण पोर्टल, आणि कंपन्यांचा निधी घेण्यासाठीची सीएसआर-१ नोंद. परदेशी निधी घेणाऱ्यांनी एफसी-६ए हा नावबदलाचा फॉर्म वेगळा भरायचा, त्याची मुदत पंचेचाळीस दिवसांची आहे, आणि परदेशी निधी जिथे जमा होतो त्या दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या खात्यालाही कळवायचं. क्रम चुकला की गुरुजींच्या चेकसारखं होतं.

नव्या लेटरहेडवर काही वर्षं 'पूर्वीचे नाव' अशी ओळ ठेवा. मृत्युपत्रांचा विचार करा. कोणीतरी वीस वर्षांपूर्वी तुमच्या जुन्या नावाने घर लिहून ठेवलेलं असतं, तो माणूस गेल्यावर वारस विचारतील ही संस्था कोण. तेव्हा जुनं प्रमाणपत्र, ठराव आणि चेंज रिपोर्टच्या आदेशाची साक्षांकित प्रत एकाच फाइलमध्ये हवी. शाळा चालवणाऱ्यांनी जुन्या विद्यार्थ्यांना नव्या नावाने दाखल्याची दुसरी प्रत मागता येईल का, हे शिक्षण विभागाकडे लेखी विचारून ठेवा. तो मुलगा परत आला तर त्याला देण्यासारखा काहीतरी कागद हातात पाहिजे.

लोगो सगळ्यात शेवटी. आणि टी-शर्ट छापायच्या आधी एक नमुना सेविकेला घालून गावात पाठवा.

घंटी झाली, थांबतो. ज्यांचे चेंज रिपोर्ट अडकलेत त्यांनी चहाच्या वेळी डाव्या बाजूच्या टेबलाशी या. परिशिष्ट एकची प्रत बरोबर आणली असेल तर आत्ताच काढून ठेवा, जेवणाआधी चार-पाच जणांचं पाहून होईल.